एका पिशवीतली तीन पुस्तके

२०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी आत्याकडे दोन दिवस राहायला गेले होते. सांगोल्याच्या पश्चिमेला, माणदेशाच्या कोरड्या पट्ट्यात तिचे घर आहे. दुपारी पत्रा तापला की आत बसवत नाही, आणि बाहेर लिंबाखाली बसावे तर वाऱ्याबरोबर धूळ येते. मी पोहोचले तेव्हा तिने काही न विचारता गॅसवर चहाचे आधण ठेवले. खिळ्याला अडकवलेला लायटर काढून दोनदा दाबला, निळी ज्योत लागली. साखर विरघळण्याच्या आतच ती ज्योत पिवळी पडली, बर्नरवर इकडून तिकडे सरकली आणि विझली. आत्याने टाकी तिरकी करून हलवून पाहिली, पुन्हा एकदा लायटर दाबला, आणि मग पदराने पातेले धरून मागच्या दाराने पडवीतल्या चुलीकडे नेले. चुलीत सकाळची राख होती आणि राखेखाली विस्तव जपून ठेवलेला होता. तिने दोन धसकटे आणि शेणीचा एक तुकडा आत सारला, फुंकणी तोंडाला लावली, आणि चहा पाच मिनिटांत उकळला. त्या चहाला धुराचा वास होता. तो वास मला लहानपणापासून आवडतो. त्या दिवशीही आवडला, आणि त्याचेच मला पुढे कितीतरी दिवस वाईट वाटत राहिले.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर ती हातात एक पिशवी आणि मोबाइल घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. "बघ बरं, हमीचं पैसं आल्यात का गॅसचं तीनशे आल्यात," ती म्हणाली. बँकेचे मेसेज इंग्रजीत येतात आणि तिला दोन्ही सारखेच दिसतात. आलेले पैसे गॅसच्या अनुदानाचे होते. चार आठवड्यांपूर्वीच्या मस्टरची, म्हणजे रोजगार हमीच्या कामाच्या हजेरीपटाची, मजुरी अजून यायची होती. मी तसे सांगितल्यावर तिने मान डोलावली आणि पिशवीतली पुस्तके एकेक करून माझ्यासमोर ठेवली, जणू माझ्या सांगण्याची तीही खात्री करून घेत होती. गॅसचे निळे पुस्तक, जॉब कार्ड आणि बँकेचे पासबुक. जॉब कार्डाची बरीच पाने कोरी होती, पण पासबुकात मजुरी जमा झाल्याच्या नोंदी व्यवस्थित छापलेल्या होत्या. करायला दुसरे काही नव्हते म्हणून मी गॅसचे पुस्तक आणि पासबुक शेजारी शेजारी ठेवून तारखा पाहू लागले. २०२३ च्या जूनमध्ये मजुरी जमा झाली, आठवड्याने टाकी आली. जुलैच्या सुरुवातीला मजुरी, दहाव्या दिवशी टाकी. त्यानंतर जानेवारीपर्यंत पासबुकात हमीची एकही नोंद नव्हती आणि गॅसच्या पुस्तकातही एकही शिक्का नव्हता. मग जानेवारीत पुन्हा मजुरी, पुन्हा टाकी, आणि त्यापुढे आणखी एकदा तसेच. वर्षभरात चार टाक्या, आणि चारही टाक्या कोणत्या तरी मस्टरच्या पाठोपाठ आलेल्या.

मी तिला ते दाखवले तेव्हा तिला त्यात नवल वाटले नाही. "कामाला जायचं म्हणलं की टाकी लागतीच," ती म्हणाली. "काम बंद झाल्यावर कशाला लावायची? घरीच तर हाय मी."

हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून गेलेले नाही.

मधल्या काळात मी त्या वाक्याकडे अनेक बाजूंनी पाहिले आहे. आत्या हमीच्या कामावर असते तेव्हा तिला पहाटे चारला उठावे लागते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत साइटवर पोहोचायचे, कारण हजेरीचा फोटो दिवसातून दोनदा मोबाइलवर घेतला जातो, आणि सकाळच्या फोटोत जी नाही तिचा दिवस बुडण्याची धास्ती असते. त्याआधी पाणी भरायचे, दोघांच्या भाकरी करायच्या, कालवण करून डबा बांधायचा. अशा पहाटे ओल्या शेणीशी झगडायला वेळ नसतो, म्हणून ती गॅस लावते. दिवसभर माळावर समतल चर खोदायचे, घमेल्याने माती उचलून खालच्या अंगाला बांध घालायचा. मजुरी चराची लांबी, रुंदी, खोली मोजून ठरते; मुरुमाऐवजी खडक लागला तर हात तेवढेच राबतात आणि मोजमाप कमी भरते. संध्याकाळी परतल्यावर सरपणाला जाण्याइतके अंगात त्राण उरत नाही, म्हणून तेव्हाही गॅस. म्हणजे हातात पैसा येणार असतो त्याच दिवसांत तिला वेळ नसतो, आणि गॅस हा तिच्या दृष्टीने पैसे देऊन विकत घेतलेला वेळ असतो. काम बंद झाले की वेळच वेळ, आणि त्या वेळाला घरात कोणीच किंमत देत नाही. तीसुद्धा देत नाही.

मी हिशेब केला होता, तो तिला सांगितला. सरपणाची एक मोळी आणायला जाऊन येऊन तीन तास लागतात आणि ती मोळी दोन दिवस पुरते. महिन्याच्या पंधरा मोळ्या धरल्या तर पंचेचाळीस तास झाले. त्या वर्षी हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. आठ तासांचा दिवस धरला तर तासाचे सदतीस रुपये पडतात. पंचेचाळीस तासांचे साडेसोळाशेच्या वर होतात, म्हणजे जवळपास दोन टाक्या. मला वाटले होते की हा आकडा ऐकून ती चकित होईल. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "आन् त्या तासाचं पैसं देनार कोन?" मजुरीचा दर जाहीर झालेला असला तरी पावसाळ्यातल्या त्या रिकाम्या महिन्यांत तिला त्या दराने एक तासही विकता येत नव्हता. काम निघाले असते तर तास विकला असता आणि टाकी घेतली असती. माझे गणित काम असण्याच्या गृहीतावर उभे होते, आणि नेमके तेच तिच्या हातात नव्हते.

मी पुण्यात एका महाविद्यालयात शिकवते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत मी बायकांसमोर अनेकदा बोलले आहे. चुलीच्या धुराने काय होते ते सांगितले आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या हवेच्या प्रदूषणाने जगभर ३२ लाख माणसे दगावली हेही सांगितले आहे. त्या बायका समोर पदर सावरून बसलेल्या असत आणि माना डोलावत. गॅस मिळूनही लोक चुलीकडे का वळतात याचे उत्तर माझ्याजवळ तयार होते: सवय, आणि चुलीवरच्या भाकरीची चव. चवीचे कारण अगदीच खोटे नाही. हमरस्त्यावरच्या हॉटेलांच्या पाट्यांवर 'चुलीवरचे जेवण' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते आणि शहरातली माणसे त्यासाठी गाड्या थांबवतात. पण आत्याच्या तोंडून मी आजवर चवीचा उल्लेख ऐकलेला नाही. माझ्या समोर बसलेल्या बायकांना धुराचे माहीत नव्हते असे मला आता वाटत नाही. त्यांचे डोळे माझ्यापेक्षा जास्त जाणत होते. मी त्यांना एकदाही विचारले नाही की तुमच्या गावात शेवटचे मस्टर कधी निघाले होते.

माझी आई हमीच्या कामावर जायची. १९८६-८७ च्या सुमारास ओळीने कोरडी वर्षे आली तेव्हा आमच्या गावाच्या ओढ्यावर पाझर तलावाचे काम निघाले होते. मी सात-आठ वर्षांची असेन. शाळा सुटली की मी थेट कामावर जायची, कारण घरी कोणी नसे. मातीचा तो वास, टिकावाचे लयीत पडणारे घाव, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेले घेऊन बांधावर चढणाऱ्या बायकांची रांग, मुकादमाच्या हातातला लांबलचक हजेरीपट हे सगळे डोळ्यांसमोर आहे. त्या कामांना जुनी माणसे अजूनही 'दुष्काळी काम' म्हणत, कारण त्यांच्या मनात १९७२ होते, सुकडी होती, खडी फोडणारे हात होते. हमीचा पहिला प्रयोग आमच्यापासून फार दूर झाला नव्हता. १९६९ मध्ये विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरच्या परिसरात त्याची सुरुवात केली, १९७७ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, आणि मागेल त्याला काम देणे ही सरकारची जबाबदारी झाली. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला. माझ्याही पगारातून तो दरमहा कापला जातो आणि पगारपत्रकावर ती ओळ दिसली की मला आईचे घमेले आठवते. देशाचा कायदा २००५ चा, म्हणजे त्यानंतर जवळजवळ तीन दशकांनी झालेला.

आईच्या त्या कामाची एक गोष्ट मला मोठेपणी उमगली. संध्याकाळी हजेरी झाली की बायका सरळ घरी जात नसत. तलावाच्या वरच्या अंगाला गायरान होते आणि तिथे वेडी बाभूळ माजली होती. प्रत्येक जण जाता जाता काटक्या मोडून घेई, आणि परतीच्या वाटेवर त्याच चुंबळीवर घमेल्याऐवजी मोळी असे. मी मागून शेणाचे पोहो गोळा करत चालायची. दिवसभराची मजुरी आणि रात्रीचे जळण असे दोन्ही एकाच डोक्यावरून घरी यायचे. घरी पोहोचताच आई चूल पेटवी. ओल्या बाभळीचा धूर छपराखाली साठून खाली उतरू लागे, आणि आम्ही भावंडे जमिनीलगत पालथी पडून अभ्यास करत असू, कारण तिथे धूर कमी असतो हे आम्हाला कोणी न शिकवता कळले होते. आई मात्र धुराच्या उंचीवर बसलेली असे. पन्नाशीत तिला दम लागू लागला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला विचारले होते, "विडी ओढता का?" त्यांनी चांगल्या हेतूने विचारले होते, पण आईला तो प्रश्न फार लागला. पुढे कितीतरी दिवस ती येईल त्याला सांगायची की मी कधी तंबाखूसुद्धा हातात धरली नाही. फुप्फुसे तशी का झाली हे तिला आम्ही कोणीच नीट समजावून सांगितले नाही. चुलीचे नाव घेतले असते तर तिच्या सगळ्या स्वयंपाकालाच दोष दिल्यासारखे झाले असते.

आत्याला गॅस मिळाला तेव्हा आई हयात नव्हती.

१ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशात बलिया इथे गरीब घरांतल्या बायकांच्या नावावर गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आत्याच्या नावावर पुढच्या वर्षी जोडणी आली. बाईच्या नावावर आलेली घरातली ती पहिली वस्तू होती, हे ती आजही सांगते. २०१९ च्या सप्टेंबरात आठ कोटींचा टप्पा पूर्ण झाला, तेव्हा ती आठ कोटीवी जोडणी तेव्हाच्या औरंगाबादेत, आपल्याच राज्यात दिली गेली. जोडणी पोहोचवण्याचे हे काम मोठे होते आणि मी त्याला कमी लेखणार नाही. शेगडी घरात आल्यामुळे आत्याच्या पहाटा बदलल्या हे मी पाहिले आहे. पण २०१९-२० मध्ये उज्ज्वलाच्या एका घरात वर्षाला सरासरी तीनच टाक्या लागत होत्या आणि २०२३-२४ मध्ये हा आकडा चारच्या जवळ आला होता. माझ्या घरी आम्ही तिघे आहोत आणि आम्हाला सहा-सात आठवड्यांना एक टाकी लागते, तीही भाकरी रोज होत नसताना. वर्षाला चार टाक्यांत चालणाऱ्या घरात उरलेला स्वयंपाक चुलीवर होतो, आणि अर्ध्या दिवसांचा धूर काही अर्धाच त्रास देऊन थांबत नाही.

अनुदान आहे. उज्ज्वलाच्या घरांना टाकीमागे आधी दोनशे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तीनशे रुपये मिळू लागले. मी हे आत्याला उत्साहाने सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आधी आटशे हातात पायजेत, मग तीनशे मागनं येत्यात." २०२४ च्या जूनअखेरीस राज्याने वर्षाला तीन टाक्या मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली, तिचेही पैसे टाकी घेतल्यानंतर खात्यात येणार होते. ज्याच्या पगाराची तारीख ठरलेली आहे त्याला आधी आणि नंतर यांत फारसा फरक जाणवत नाही. आत्याच्या घरात तेल पाव किलोने येते, साखर पाव किलोने येते, आणि पूर्वी रॉकेल बाटलीने यायचे. हातात दहा रुपये असले तर दहा रुपयांचे मिळायचे. गॅस असलेल्या घरांना रेशनवरचे रॉकेल बंद झाले आणि १४.२ किलोची टाकी अर्धी मिळत नाही. पाच किलोची टाकी घेण्याची सोय कागदावर आहे, पण आत्याच्या गावात ती मी कोणाच्या घरी पाहिलेली नाही. मला मनापासून वाटते की ती छोटी टाकी गावोगाव सहज मिळायला हवी, कारण आठवड्याच्या मस्टरवर जगणाऱ्या घराला आठवड्याच्याच मापाचे जळण परवडते.

मजुरी पंधरा दिवसांत मिळाली पाहिजे असे २००५ चा कायदा सांगत होता. उशीर झाला तर सोळाव्या दिवसानंतर थकलेल्या रकमेवर रोज ०.०५ टक्के भरपाई ठरवलेली होती. आत्याच्या सहा दिवसांच्या पूर्ण मजुरीचे १,७८२ रुपये होतात. त्यांवर रोजची भरपाई नव्वद पैसेसुद्धा होत नाही. त्या दिवशी चहा गॅसवर उकळला नाही याचे सरळ कारण थकलेल्या मस्टरमध्ये होते. ते पैसे वेळेत आले असते तर टाकी आधीच नोंदवलेली असती. चूल की गॅस हा निर्णय आत्याच्या स्वयंपाकघरात होतो असे मी आजवर समजत आले, आणि तो खरे तर किती तरी दूरवरच्या टेबलांवर, हजेरीपट कधी बंद झाला आणि मोजमाप कधी चढवले गेले यावर ठरत होता.

घराच्या मागे, पडवीला लागून, गोबरगॅसची एक जुनी टाकी आहे. मामांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, तरुणपणी मोठ्या हौसेने ती बसवली होती. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरे हवीत आणि शेण कालवायला तितकेच पाणी हवे. २०१९ च्या उन्हाळ्यात दोन म्हशी आणि एक गाय छावणीवर ठेवली होती; पाऊस पडेपर्यंत मामांनी दोन्ही म्हशी विकून टाकल्या. आता गोबरगॅसच्या खड्ड्यात पालापाचोळा साठला आहे आणि त्याच्या कडेने पेरूचे एक झाड उगवले आहे. एका गाईच्या शेणात आठवड्याच्या शेण्यासुद्धा पुरेशा होत नाहीत. २०२३ चा पाऊस असाच गेला आणि ऑक्टोबरमध्ये राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत सांगोलाही होता. ज्या दुष्काळाने दावण रिकामी केली, ओढ्याकाठचे सरपण वाळवून दूर लोटले, त्याच दुष्काळामुळे जानेवारीत हमीचे काम निघाले आणि टाकी आली. दुष्काळाच्या वर्षी घरात निळी ज्योत जास्त दिवस जळावी, हे मला अजून पचवता आलेले नाही.

निघायच्या दिवशी मी आत्याच्या हातात टाकीचे पैसे ठेवले. तिने ते घेतले नाहीत. मी पुण्याला आल्यावर तिच्या शेजारच्या मुलाच्या फोनवर पाठवले आणि त्याच्याकरवी टाकी भरून दिली. पंधरा दिवसांनी एस.टी.च्या वाहकाबरोबर तिने ज्वारीचे अर्धे पोते पाठवून दिले, नीट निवडून, चाळून. बाजारभावाने पाहिले तर ती ज्वारी टाकीपेक्षा महाग होती. तिला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या बारीला पाठवू नको. हमीचं येतीलच." तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता, तिला फक्त टाकी तिच्या मजुरीतून यायला हवी होती. पासबुकातल्या नोंदीच्या पाठोपाठ पुस्तकात उमटणारा तो शिक्का तिच्या मालकीचा होता, आणि मी मधे येऊन त्या दोघांची साखळी तोडली होती. मला हे तेव्हा कळायला हवे होते. दुसरीकडे तिचा खोकला मला फोनवर ऐकू येत होता, आणि पुन्हा तशीच वेळ आली तर मी पैसे पाठवणार नाही असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. आत्याच फोन करून सांगते आणि मी लिहून घेते. डाव्या रकान्यात मस्टर सुरू झाल्याची तारीख, मधल्या रकान्यात मजुरी जमा झाल्याची, उजव्या रकान्यात टाकी आल्याची. तिला ही वही आवडते. पिशवीतली तीन पुस्तके एका जागी आल्यासारखे तिला वाटते, आणि गावातल्या हमीच्या कामांची नोंद ठेवणाऱ्या रोजगार सेवकाशी बोलताना तारखा तोंडपाठ असल्या की तोही ऐकून घेतो असे ती सांगते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेपाच वाजले होते. पाणंद रस्त्याचे काम निघाले होते आणि ती डबा बांधत होती. तिच्या बोलण्याच्या मागून लायटरचा आवाज आला, एकदा, दोनदा, मग गॅस पेटल्याचा तो हलका भपकारा. "जपून वापरतीय," ती म्हणाली, "मस्टर सुटंस्तवर पुरवायचीय. लिही तारीख." मी डाव्या रकान्यात तारीख लिहिली. पुढचे दोन रकाने अजून रिकामे आहेत.